बंबवाल्यांची जोखीम

मुंबई बंदराशी आपल्या श्रीवर्धनकरांचे नाते जुने. त्याच बंदरात १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील कापूस पेटला. त्याच कोठारात दारूगोळा होता. जहाजावर तो एकंदर सुमारे १,४०० टन भरला होता. बंबवाले पाणी मारीत असतानाच, चार वाजून गेल्यावर, जहाज फुटले. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. शहराची हानी अफाट होती. सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था केली. यातला धडा मोलाचा आहे. विझविताना झालेल्या चुकीचा भुर्दंड एकट्या दलाच्या माथी मारला, तर पुढच्या जहाजावर चढेल कोण? जोखीम गावासाठी पत्करली जाते. विम्याचा हप्ताही गावानेच भरावा.