कापराच्या वासाचे हस्तिदंत

आपल्याकडे पूर्वी फणीकरंड्याची पेटी असे. युरोप-अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मेजावरही तसाच संच असे: हातात धरायचा आरसा, ब्रश, कंगवा, पावडरचा डबा, नखे घासायची कानस. विसाव्या शतकाच्या आरंभीचे असे संच आज संग्राहक हौसेने जमवतात. त्यांतले कित्येक फिकट पिवळे, बारीक रेघांचे, थेट हस्तिदंती वाटतात. पण ते हस्तिदंत नव्हे, सेल्युलॉइड आहे. हे संच आता एका विचित्र रोगाने खराब होत आहेत. त्या रोगाचे मूळ त्यांच्या जन्मकथेतच आहे, म्हणून आधी ती पाहू या.

१८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस मिळवल्याचे जाहीर केले. हीच क्रिया जरा बेताने केली, तर अल्कोहोल व ईथरच्या मिश्रणात विरघळणारे नायट्रोसेल्युलोज मिळते. त्यापासून अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज संशोधकाने कंगवे, बटणे अशा वस्तू बनवल्या आणि १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या. पण त्या लवकरच वाकत, तडकत. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हयात हा मुद्रक बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होता. त्याने आणि त्याच्या भावाने नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून उष्णता आणि दाब दिला. या कृतीचे पेटंट त्यांना १८७० मध्ये मिळाले.

कापराने काय साधले? नायट्रोसेल्युलोजचे लांबलचक रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. कापराचे रेणू त्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना सरकायला वाव देतात. त्यामुळे पदार्थ तापवला की मऊ होतो, साच्यात बसतो आणि निवल्यावर घट्ट होतो. हस्तिदंताच्या रेघा आणण्यासाठी कारागीर कमीअधिक पारदर्शक पातळ पत्रे एकावर एक दाबून ठोकळा करीत आणि तो उभा कापीत. हत्तींची शिकार काही त्यामुळे थांबली नाही. पण बेताच्या मिळकतीच्या घरातल्या मुलीलाही हस्तिदंती दिसणारा आरसा घेता येऊ लागला. अमेरिकेतले लेमिन्स्टर हे गाव कंगव्यांसाठी प्रसिद्ध झाले. १९२० च्या दशकात आखूड केसांची फॅशन आली, तेव्हा तिथल्या कंगव्यांच्या धंद्याला चांगलाच फटका बसला.

आता रोगाकडे वळू. कापूर उघडा ठेवला तर उडून जातो, हे आपण देवघरात पाहतोच. घनरूपातून थेट वायुरूपात जाणे म्हणजे संप्लवन. सेल्युलॉइडमधला कापूरही वर्षानुवर्षे असाच थोडा थोडा निघून जातो. वस्तू आक्रसते, ठिसूळ होते, आतून बारीक तडे जातात. त्याच वेळी नायट्रोसेल्युलोज विघटित होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतल्या बाष्पाशी त्यांचा संयोग झाला की नायट्रिक आम्ल तयार होते, आणि हे आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. रोग स्वतःलाच खतपाणी घालतो.

म्हणूनच ज्या वस्तू मायेने, कापडात गुंडाळून, बंद डब्यात जपलेल्या असतात, त्या बहुधा आधी जातात. आम्लाच्या वाफांना बाहेर पडायला वाट राहत नाही. शेजारी ठेवलेल्या धातूच्या दागिन्यांवर हिरवट गंज चढतो आणि एका कंगव्यामुळे चांगला संचही बिघडतो. म्हणून अशा वस्तू थंड, कोरड्या, हवेशीर जागी, दागिन्यांपासून दूर ठेवाव्यात. चिकट किंवा तडकलेली वस्तू ताबडतोब वेगळी करावी.

मग सेल्युलॉइड ओळखावे कसे? काही संग्राहक तापलेली सुई टोचून पाहतात. हे कधीही करू नये, कारण सेल्युलॉइड क्षणात पेट घेते. वस्तू बोटाने जोरात चोळली, की कापराचा वास येतो, तेवढे पुरे. शिवाय खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडच्या रेघा सरळ आणि समांतर असतात.

याच कुळातली आणखी एक वस्तू आपल्या अगदी जवळची आहे. एके काळी चित्रपटाची फिल्मही नायट्रोसेल्युलोजची असे. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फिल्मवरचा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मांच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या चित्रपट-इतिहासाची कित्येक रिळे नष्ट झाली. परदेशी आरशाचा रोग आपल्या घरातलाही आहे, तो असा.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. कापराच्या सारख्या वजनाच्या दोन वड्या घ्याव्यात. एक उघड्या बशीत, दुसरी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी. आठवडाभर रोज वजन करून मुलांना आलेख काढू द्यावा. मग त्यांना विचारावे: कापूर टिकवायचा तर बाटली बंद हवी, आम्लाच्या वाफा घालवायच्या तर उघडी हवी. आजीचा जुना कंगवा ठेवायचा कुठे? संग्रहालयात काम करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. मुले काय उत्तर देतात ते जरूर ऐकावे.