शून्य सामन्यांची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे फारसा न पाहिला जाणारा खेळ. नाव फुटबॉल असलं, तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. या खेळात ‘रनिंग बॅक’ म्हणून एक खेळाडू असतो. चेंडू छातीशी धरायचा आणि अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना हुकवत पुढे पळत सुटायचं, हे त्याचं काम. कबड्डीतल्या चढाईपटूची चपळाई आणि धाडस त्याला लागतं. आज ज्या रनिंग बॅकविषयी बोलायचं आहे, त्याचं नाव अर्नी डेव्हिस.

अर्नीचा जन्म १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातला. कोळसा खाणींच्या मुलखातल्या युनियनटाउन गावी आजी-आजोबांनी त्याला वाढवलं. पुढे तो न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला आईकडे आला. शाळेतच त्याचा खेळ गाजला आणि अनेक विद्यापीठांकडून बोलावणी आली. त्यानं सिरॅक्यूज विद्यापीठ निवडलं. तिथे जिम ब्राऊन या थोर कृष्णवर्णीय खेळाडूनं ४४ क्रमांक गाजवला होता. तोच क्रमांक अर्नीच्या पाठीवर आला.

१९५९ च्या हंगामात सिरॅक्यूज एकही सामना हरलं नाही. १ जानेवारी १९६० रोजी डॅलसमध्ये ‘कॉटन बोल’ सामन्यात त्यांची गाठ टेक्सस विद्यापीठाशी पडली. टेक्ससच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय नव्हता. मांडीचा स्नायू दुखावलेला असूनही अर्नीनं पास झेलून ८७ यार्डांच्या चालीवर गुण मिळवून दिले. सिरॅक्यूज २३-१४ असं जिंकलं. सर्वोत्तम खेळाडूही अर्नीच ठरला. मात्र रात्रीच्या समारंभात, बक्षीस घेऊन निघून जावं, असं त्याला सांगण्यात आल्याची नोंद आहे. मैदानात चालणारा माणूस पंगतीला चालत नव्हता!

विद्यापीठाच्या तीन हंगामांत अर्नी चेंडू घेऊन २,३८६ यार्ड धावला. १९६१ मध्ये त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली. महाविद्यालयीन फुटबॉलमधला हा सर्वोच्च मान १९३५ पासून दिला जात होता. तो मिळवणारा अर्नी पहिला कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कमध्ये आलेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याला मुद्दाम भेटीला बोलावलं.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये तेव्हा एकच संघ कृष्णवर्णीयांना दार बंद करून बसला होता, तो राजधानी वॉशिंग्टनचा. त्याचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल कुणाचं ऐकत नव्हते. पण संघाचं नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं. हा भेदभाव थांबवा, नाहीतर मैदान मिळणार नाही, असं मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी १९६१ मध्ये बजावलं. त्या वर्षीच्या निवडीत वॉशिंग्टननं पहिलंच नाव घेतलं ते अर्नीचं, आणि त्याला क्लीव्हलँड ब्राउन्सला देऊन बदल्यात बॉबी मिशेलला घेतलं. १९६२ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंत मिशेल होता. मालकाचं मन पालटलं नव्हतं. कायद्याचा हात पिरगळल्यावर दार उघडलं.

अर्नी आता जिम ब्राऊनच्या जोडीनं खेळणार होता. पण १९६२ च्या उन्हाळ्यात त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. काही काळ आजारानं उसंत दिली, तेव्हा त्याला मैदानात उतरवावं की नाही, यावरून संघमालक आणि प्रशिक्षक यांच्यात वाद झाला. प्रशिक्षकांनी तो धोका पत्करला नाही. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी अर्नी गेला. शेवटच्या महिन्यांत त्यानं एका साप्ताहिकात लेख लिहिला आणि आपण स्वतःला दुर्दैवी मानत नाही, असं त्यात सांगितलं.

व्यावसायिक सामने : शून्य. तरी क्लीव्हलँडनं त्याचा ४५ क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही, असं ठरवलं. बॉबी मिशेलला १९८३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. तो ज्या दारातून आत आला, ते उघडताना पहिलं नाव पुकारलं गेलं होतं अर्नी डेव्हिसचं. धावांच्या तक्त्यात ही नोंद सापडत नाही. ती इतिहासातच शोधावी लागते.