विद्यार्थी की चाकर? : निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनाचा इतिहास

कल्याण जंक्शनवरून कर्जतच्या दिशेने गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. या पट्ट्यात लाखो माणसे राहतात. तरीही तान्ह्या मुलाला रात्री झटके आले किंवा नवजात बाळाला धाप लागली, तर अनेक आईबापांना आजही कळवा, शीव किंवा परळ गाठावे लागते. तिथल्या बालरोग विभागात मध्यरात्री त्यांना जो डॉक्टर भेटतो, तो बहुधा पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर असतो. त्याच्या हाती पडणाऱ्या पैशाला सरकारी कागदांत ‘विद्यावेतन’ म्हणतात. विद्या आणि वेतन यांच्या या समासाचा विग्रह नेमका कसा करायचा, याचा वाद कित्येक दशके चालू आहे. फी घेताना विद्यार्थी आणि राबवून घेताना नोकर, अशा दोन नात्यांनी या डॉक्टरला वागवले गेले. हक्क मात्र दोन्हीकडचे अर्धेच मिळाले. त्याची झळ शेवटी खाटेवरच्या मुलाला लागते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

‘निवासी’ हा शब्द शब्दशः खरा होता. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि तिथे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची जी घडी बसली, तीत तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहणे अपेक्षित होते. राहणे, जेवणे आणि शिकणे हाच मोबदला, असा तो व्यवहार होता. मुंबईत या कल्पनेला स्थानिक रूप मिळाले ते मानद डॉक्टरांच्या पद्धतीतून. परळचे केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. जे. जे. रुग्णालयात १९२८ मध्ये डॉ. जॉर्ज कोएल्हो यांनी मुलांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. त्याच सुमारास परळला बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयही उभे राहिले. त्या काळी मोठ्या रुग्णालयांतले ज्येष्ठ तज्ज्ञ सकाळी मानद सेवा देत आणि संध्याकाळी आपल्या खासगी दवाखान्यात कमावत. रात्रंदिवस वॉर्ड सांभाळत ते हाउसमन आणि रजिस्ट्रार. जिथे गुरूच वेतन घेत नाही, तिथे शिष्याने ते मागणे अप्रशस्त ठरावे, यात नवल नाही. मात्र गुरूला संध्याकाळची कमाई होती आणि शिष्याला ती सवड नव्हती.

याच काळात आपल्या पट्ट्याचे रूपही पालटत होते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाडला सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आणि पुढे रासायनिक उद्योग, असा हा कामगारांचा मुलूख झाला. या कामगारांसाठी १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि उल्हासनगरात कामगार विम्याचे रुग्णालयही झाले. या विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात ही मदत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. विमाधारक स्त्रीला २६ आठवड्यांचा प्रसूतिलाभ आहे.

आता दुसरी बाजू पाहू. कामगाराच्या मुलाची छाती तपासणाऱ्या निवासी डॉक्टरला वॉर्डातूनच क्षय होण्याचा धोका असतो. तरीही क्षयासाठी पगारी रजा आणि महिला डॉक्टरांना प्रसूती रजा या मागण्या ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेला गेल्या दशकात वारंवार मांडाव्या लागल्या. कारखान्यातल्या माणसासाठी जे कायद्याने १९४८ मध्ये मान्य केले, ते रुग्णालयातल्या माणसाला आंदोलन करून मागावे लागले. कारण कायद्याच्या नजरेत तो ‘शिकत’ होता.

कामाच्या तासांचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांची योजना जाहीर केली. सलग काम साधारणपणे १२ तासांहून अधिक नसावे, कनिष्ठ निवासी डॉक्टरने आठवड्याला सामान्यतः ४८ तास काम करावे आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे तीत म्हटले होते. मात्र तास लवचिक राहतील आणि कामाचा बोजा पाहून वैद्यकीय अधीक्षक ते ठरवतील, अशी मुभाही त्याच परिच्छेदात होती. पुढची तीन दशके व्यवहार चालला तो या मुभेवर. अमेरिकेत १९८४ मध्ये लिबी झायन या तरुणीचा न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मृत्यू झाला, थकलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००३ मध्ये देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू झाली. आपल्याकडे कागदावरची मर्यादा त्याहून कितीतरी कडक होती, परंतु ती मोजणारे कोणी नव्हते.

बालरोग विभागात हा थकवा अधिक महाग पडतो. मोठा रुग्ण आपले दुखणे सांगतो. बाळ फक्त रडते, आणि फार आजारी असले तर रडतही नाही. औषधाची प्रत्येक मात्रा वजनावरून काढायची असते आणि दशांशचिन्ह एका घराने सरकले तर मात्रा दहापट होते. दीड किलोच्या बाळाची शीर शोधणे, त्याचा श्वास आणि साखर तासातासाला पाहणे, शेजारच्या खाटेवरच्या आईला धीर देणे, हे सारे छत्तिसाव्या तासालाही तितक्याच सावधपणे करायचे असते.

पैशाचा इतिहास संपांमधून लिहिला गेला. जुलै २००९ मधील राज्यव्यापी संपाचा मुख्य मुद्दा विद्यावेतन हाच होता. ऑक्टोबर २०२१ च्या संपात तर शब्दाची फोड उघडी पडली. कोविडच्या काळात शिक्षण ठप्प झाले आणि केवळ सेवा झाली, म्हणून शैक्षणिक शुल्क माफ करा, ही एक मागणी होती. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत विद्यावेतनातून होणारी आयकराची कपात थांबवा, ही दुसरी. म्हणजे एकाच माणसाकडून विद्यार्थी म्हणून शुल्क आणि पगारदार म्हणून कर, अशी दोन्ही वसुली चालू होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला आणि राज्य मंत्रिमंडळाने विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मान्य केली; आंतरवासी डॉक्टरांची रक्कम ११,००० वरून १८,००० झाली. दर महिन्याच्या १० तारखेच्या आत पैसे मिळावेत, ही मागणीही तेव्हा होती. रकमेच्या बरोबरीने तारखेसाठी भांडावे लागते, यावरून या वेतनाची प्रतिष्ठा कळते.

शिक्षण संपल्यावर सरकारचे नाते पुन्हा बदलते. एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यायची. न दिल्यास पदव्युत्तर डॉक्टरला ५० लाख रुपयांचा दंड. करदात्यांच्या पैशावर शिकलेल्याने समाजाचे देणे फेडावे, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु त्या हिशेबात तीन वर्षांच्या रात्रपाळ्यांची जमा कुठेच धरली जात नाही.

हा सारा इतिहास आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दाराशी आला आहे. राष्ट्रीय पातळीवर २०२० मध्ये जिल्हा निवासी कार्यक्रमाचा नियम झाला. त्यानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करायचे असते आणि त्या काळातले पूर्ण विद्यावेतन त्याच्या मूळ महाविद्यालयाने द्यायचे असते. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या ठिकाणांना असा डॉक्टर केवढा आधार ठरू शकतो, हे सांगायला नको. पुढे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अंबरनाथचे एक आहे. तिथे आज एमबीबीएसचे विद्यार्थी शिकतात. उद्या पदव्युत्तर जागा मिळतील तेव्हा या पट्ट्याला स्वतःचे निवासी बालरोग डॉक्टर लाभतील आणि परळची वाट काही आईबापांसाठी तरी वाचेल.

त्या डॉक्टरांना राहायला खोली कुठे असेल, पैसे कोणत्या तारखेला मिळतील, आजारपणात आणि बाळंतपणात त्यांचे काय होईल, सलग किती तासांनंतर त्यांना घरी पाठवले जाईल, हे प्रश्न इमारतीच्या आराखड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. जुन्या महाविद्यालयांत ते पहिल्या संपानंतर विचारले गेले. अंबरनाथला ते पहिला निवासी डॉक्टर रुजू होण्याआधी विचारता येतील, एवढी सवड आज तरी हाती आहे.