मधुमेहाचा आरोपी कोण?

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भात हेच मुख्य पीक आणि भात हेच मुख्य अन्न. आमच्या घरांतही रोजचे जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, भात, कालवण आणि सुकट-बोंबील. मटण शुक्रवारी, नाहीतर पाहुणा आला तर. काही वर्षांपूर्वी आमच्या खाला साखरेची तपासणी करून घ्यायला शहरातल्या दवाखान्यात गेल्या. केसपेपरावरचे नाव वाचून डॉक्टरांनी एकही प्रश्न न विचारता सांगितले, "मटण बंद करा." खालांनी मटण बंद केले. दोन वेळचा भात, दिवसाचे सहा कप गोड चहा आणि चहाबरोबरची खारी चालूच राहिली, कारण त्याबद्दल कोणी विचारलेच नव्हते. तीन महिन्यांनी साखर वाढलेली निघाली.

मधुमेहाला मांस कारणीभूत आहे, हे मत आले कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगितली आहेत. त्यात मांसाचे रस आहेत हे खरे. पण त्यांच्याबरोबर दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थही आहेत आणि सर्वांच्या आधी आहे ते बसून राहण्याचे सुख. शिवाय उपचारात त्याच ग्रंथाने रानातल्या प्राण्यांचे मांस पथ्य म्हणून सांगितले आहे. पुढे इब्न सीनाने 'कानून'मध्ये या रोगाचे वर्णन केले, औषधांत मेथी सुचवली. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने तर कॅप्टन मेरेडिथ या रुग्णाला मुख्यतः मांसाहारावरच ठेवले आणि त्याच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे नोंदवले. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागेपर्यंत पिठूळ आणि गोड पदार्थ तोडणे हाच डॉक्टरांचा मोठा आधार होता. म्हणजे आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असलेले मांस एकेकाळी औषध होते!

आताचा आरोप अमेरिकेतून आला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये २,१६,६९५ परिचारिका, डॉक्टर व इतर आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदी तपासल्या. त्यांना दर दोन-चार वर्षांनी प्रश्नावली देऊन खाणे विचारले जाई. सर्वांत जास्त लाल मांस खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ६२ टक्के अधिक दिसला. २०२४ मध्ये २० देशांतील सुमारे १९ लाख ७० हजार लोकांच्या माहितीवरून दुसरा निष्कर्ष आला. रोज १०० ग्रॅम साध्या लाल मांसामागे धोका १० टक्के, तर खारवलेल्या, टिकवलेल्या मांसाच्या रोजच्या ५० ग्रॅममागे १५ टक्के अधिक.

हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांचा अर्थ काय? गेल्या वर्षी आपण आठवड्यातून किती वेळा काय खाल्ले, हे आपल्यापैकी कोण नेमके सांगू शकेल? आणि अमेरिकेत जास्त मांस खाणाऱ्याच्या ताटात बर्गरचा पाव, तळलेले बटाटे आणि बाटलीतले गोड पेयही असते. संशोधक हिशेबाने हे वेगळे काढतात, पण सगळे वेगळे निघाले याची हमी कोण देणार? २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने हा पुरावा कच्चा ठरवून लाल मांस कमी करण्याची गरज नाही, असा सल्ला दिला. त्यावर गदारोळ झाला आणि गटप्रमुखाचे उद्योगांशी असलेले जुने आर्थिक संबंधही उघड झाले. तेव्हा शंका घ्यायची तर दोन्ही बाजूंवर घ्यावी.

आपला हिशेबही करून पाहू. पाच माणसांच्या घरात शुक्रवारी अर्धा किलो मटण आले, तर हाडासकट माणशी रोजचे १५ ग्रॅमही होत नाही. शंभर ग्रॅमचा निष्कर्ष या घराला कसा लावायचा?

आपल्या मातीतला पुरावा पुण्याजवळ मिळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तेथील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. जन्मणारी बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांहून कितीतरी हलकी. पण त्यांचे स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का होतो, याचे एक उत्तर इथे मिळाले. पुढे असे दिसले की, ज्या मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक होते. हे बी-१२ दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. अर्थात हाही निरीक्षणाचाच पुरावा. म्हणूनच २०१२ मध्ये याज्ञिकांच्या गटाने त्याच गावांतील तरुण मुलामुलींना बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. शंकेचे उत्तर असे प्रयोगाने द्यायचे असते.

२०२३ च्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्याच पाहणीच्या २०२५ मधील आहारविषयक निष्कर्षानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के धान्य-साखरेसारख्या पिष्टमय पदार्थांतून येतात. त्यातला थोडा भाग डाळी-दुधाच्या प्रथिनांनी बदलला तर धोका कमी दिसला. लाल मांसाने तसा फायदा दिसला नाही. म्हणजे मटण मुख्य आरोपी नाही, तसे ते तारणहारही नाही.

तेव्हा या शंकेचा आधार घेऊन आपण मोकळे होऊ नये. दावतीत ताटभर बिर्याणी, वर जर्दा आणि शरबत. रमजानमध्ये इफ्तारला तळलेले पदार्थ. आणि नंतर चालणे नाही. हा दोष संशोधकांचा नाही, आपला आहे. पण ज्याचा रोग त्याचे ताट न पाहता केवळ नावावरून पथ्य सांगणे हेही शास्त्र नव्हे.

खालांना पुढे दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी आठवडाभर काय खाल्ले ते लिहून आणायला सांगितले. नातीने वहीत सगळे लिहिले. वही वाचून त्यांनी भात निम्मा केला, चहातली साखर आणि खारी बंद केली, संध्याकाळी चालायला लावले. शुक्रवारच्या मटणाच्या दोन फोडी तशाच राहू दिल्या. खालांची साखर आता आटोक्यात आहे. ती वही घराघरांत लिहिली जावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.