वाळ्याची ताटी : बादशहापासून बिऱ्हाडकरूपर्यंत

वसंताच्या नावाने भरणाऱ्या व्याख्यानमालेला आपण जमतो खरे, परंतु बसतो ते घाम पुसत. ऋतूंच्या गणनेत काहीही लिहिलेले असो, महाराष्ट्राच्या बहुतेक भागात चैत्र-वैशाख म्हणजे उन्हाळाच. येथून उठून आपल्यापैकी पुष्कळजण ज्या घरी परततील ते घर त्यांच्या मालकीचे नसेल. दिवसभर तापलेल्या गच्चीखालची ती भाड्याची खोली रात्री बारापर्यंत भट्टीसारखी फुलत राहते. अशा घरात राहणाऱ्याने गारवा कोठून आणावा, हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

घर थंड ठेवण्याच्या आपल्याकडे दोन परंपरा आहेत. पहिली भिंतीची. जाड मातीच्या भिंती, मधला चौक, तळघर, अंगणातील हौद, शनिवारवाड्यातील हजारी कारंजे, हे सर्व तिच्यात येते. ही परंपरा उत्तम खरी, पण ती मालकाची. ज्याला भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी मालकाची मर्जी पाहावी लागते, त्याला तिचा काय उपयोग? दुसरी परंपरा पाण्याची. ओला पडदा, पाझरता माठ, संध्याकाळी गच्चीवर शिंपडलेल्या चार घागरी. ही परंपरा बिऱ्हाडाबरोबर गाडीत घालून नेता येते. म्हणून ती बिऱ्हाडकरूची खरी मिळकत होय. मात्र ती त्याच्या हाती सहजासहजी आलेली नाही.

प्रथम पाण्याचे हे सामर्थ्य कशात आहे ते पाहू. पाणी आपल्या थंडपणामुळे गारवा देते, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. खरा गारवा त्या शोषणाचा. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेते, तर एक ग्रॅम पाणी नेहमीच्या हवेत सुकून जाताना सुमारे ५८० कॅलरी घेते. म्हणजे ओल्या पडद्यावरून उडून गेलेले शेरभर पाणी सात शेर बर्फाचे काम करते. नवा माठ पाझरतो म्हणूनच गार राहतो, आणि त्याची छिद्रे बुजली की तो निकामी होतो. आपल्या आज्यांना कॅलरीचे गणित ठाऊक नसेल, पण दोन-तीन उन्हाळ्यांनंतर माठ बदलावा, हे पक्के ठाऊक होते.

या कामासाठी आपल्या पूर्वजांनी निवडलेली वस्तू म्हणजे वाळा. संस्कृतात त्यास उशीर म्हणतात. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी तापलेल्या शकुंतलेसाठी वाळ्याचा लेप नेला जात असल्याचा उल्लेख आहे. परंतु वाळ्याने माणसाचे अंग नव्हे, तर सबंध घर थंड करण्याची ठळक नोंद आढळते ती अकबराच्या दरबारी. वाळ्याच्या मुळांची घरे बादशहाच्या प्रेरणेने होऊ लागली आणि त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे अबुल फझल ‘ऐन-इ-अकबरी’त सांगतो. १६६३ साली दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात बर्निए या फ्रेंच वैद्यानेही अशा खसखान्यांचे वर्णन केले आहे. ते बागेच्या मध्यभागी, पाण्याजवळ उभारीत. कारण नोकरांना बाहेरून ते सतत भिजवीत ठेवावे लागे.

त्या वर्णनातील ‘नोकरांना’ हा शब्द आपण विसरता कामा नये. आत गारव्यात एक बसलेला आणि बाहेर उन्हात चारजण पाणी मारीत उभे, असा हा प्रकार होता.

इंग्रजांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलली. उत्तर हिंदुस्थानातील त्यांच्या बंगल्यांत व बराकींत पश्चिमेच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. भिस्ती पखालीतून पाणी आणी, दुसरा ते ताटीवर मारी आणि तिसरा पंख्याची दोरी ओढी. सुमारे १८३० च्या सुमारास ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव धारण करणारे एक यंत्र निघाले. नावावरून वाटावे की विलायतेची काही अपूर्व विद्या. वस्तुतः ते धान्य पाखडण्याच्या यंत्राचे भावंड होते. लाकडी पेटीत फिरणारी पाती आणि तिच्या अंगाला ओल्या ताट्या. अलाहाबादेस राहिलेल्या फॅनी पार्क्स या बाईंनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. पाती फिरवायला अर्थात माणसेच लागत. यंत्र आले, पण राबणारे हात सुटले नाहीत.

आता आपल्या नागपुराकडे वळू. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पुढे उन्हाळा लागला की वरिष्ठ अधिकारी पचमढीच्या थंड हवेत जात. कचेरीतला कारकून मात्र आपल्या भाड्याच्या घरातच राही. त्याला ना डोंगर, ना भिस्ती. पण वाळ्याची ताटी त्यालाही परवडणारी होती. खिडकीच्या मापाची ताटी बांधवून घ्यायची, तीही नसेल तर गोणपाट टांगायचे, आणि घरातल्या कोणीतरी तांब्याने पाणी मारीत राहायचे. बादशहाचे सुख अशा रीतीने बिऱ्हाडात आले. परंतु नोकराच्या जागी घरची गृहिणी आणि मुले आली. दुपारी सगळे घर निजले असता तांब्या घेऊन उठणारी ती बाई या इतिहासात कोठेच नोंदलेली नाही. तिचा येथे उल्लेख करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ताटी टांगता येते आणि उतरविताही येते, या साध्या गुणाचे कायद्यातही महत्त्व आहे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात, मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे एक कारण ठरविले होते. त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात ते कारण राहिले. परंतु हवेसाठी खिडकी पाडणे किंवा वातानुकूलन यंत्र बसविणे यांसारखी कामे, जेथे आवश्यक तेथे नगरपालिकेच्या परवानगीने केल्यास, कायम बांधकामात मोडणार नाहीत, असे स्पष्टीकरण जोडले गेले. गारवा ही चैन नसून राहण्याची गरज आहे, याची ही कायद्याने दिलेली उशिराची कबुलीच म्हणावयाची.

मधल्या काळात तांब्या हातातून सुटला होता. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी मुलखात १९३० नंतरच्या दशकात लोकांनी लाकडी खोके, भिजविलेला लाकडाचा भुसभुशीत कीस आणि विजेचा पंखा यांची सांगड घातली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील नागपूर, दिल्ली यांसारख्या शहरांत पत्र्याचे कूलर घरोघर दिसू लागले. पंखेवाल्याचे काम मोटारीने घेतले, पाणी मारणाऱ्याचे लहानशा पंपाने. बाकी रचना त्या जुन्या ओल्या ताटीचीच.

परंतु ही विद्या सर्वत्र चालत नाही. नागपुरात ४४ अंश उष्णता आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असली, तर पाण्याच्या योगाने हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. ताटीने ती मजल पुरी गाठली नाही तरी बरीच गाठते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ही सीमा सुमारे २८ अंशांवरच थांबते, आणि खोलीतील दमटपणा वाढून जीव अधिकच गुदमरतो. म्हणून कोकणपट्टीत ओला पडदा नको. तेथे वाहता वारा हवा. देशावर आणि विदर्भातही ताटी वाऱ्याच्या बाजूस लावावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. कोंडलेल्या खोलीत पाणी मारणे म्हणजे स्वतःच मुंबई निर्माण करणे होय. मृगाचा पाऊस लागला की ताटी उतरवावी.

आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी केली पाहिजे. आणि पत्रा, पाणी व वीज एकत्र आली की जमिनीला जोडलेली तार, म्हणजे अर्थिंग, नीट आहे की नाही हे पाहिल्यावाचून कूलरला हात लावू नये. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून खटका काढावा.

शेवटचा मुद्दा पाण्याचाच. भिंतीचा गारवा एकदा पैसे मोजले की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ताटीचा गारवा रोज पाणी मागतो, आणि ज्या महिन्यात तो सर्वांत अधिक हवा त्याच महिन्यात आपले नळ आटतात. २०१० च्या भयंकर उष्म्यानंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्म्यापासून बचावाची योजना आखली. अशा योजनांत दवाखाने व इशारे असतात, ते असलेच पाहिजेत. परंतु भाड्याच्या खोलीतल्या म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीवरील पडदा दुपारी ओला राहील इतके पाणी त्या घरी पोचते की नाही, ही कसोटीही आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते. बादशहाच्या खसखान्याला पाणी कधी कमी पडले नसेल. बिऱ्हाडकरूच्या ताटीलाही ते कमी पडू नये, एवढीच आमची मागणी आहे. आणि ती मालकाकडे नव्हे, नगराकडे आहे.