पाण्यात न पडता पोहणं : घरच्या पडद्यावरच्या मोटारशर्यतीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. आमचं उत्तर असं की, ज्या गोष्टीत जगभरच्या कोट्यवधी माणसांनी आपल्या संध्याकाळी घालवल्या, तिला इतिहास असतोच. शिवाय या इतिहासात ज्ञानाविषयीचा एक फार जुना प्रश्न जवळजवळ प्रयोगशाळेत तपासावा तसा तपासला गेला आहे. आपल्याकडे तो म्हणीसारखा बोलला जातो : पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. खरंच येत नाही का? आणि पाण्यात न पडता आलंच, तर नेमकं काय यायचं राहून जातं?

आपण बोलणार आहोत ते मुख्यतः ‘ग्रॅन टुरिस्मो’ या जपानी खेळाबद्दल. सोनीच्या प्लेस्टेशनवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, तो खेळतात. पण त्याची वंशावळ थोडी मागून सांगायला हवी.

योहान हौझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहिला. खेळ रोजच्या व्यवहारापासून वेगळी काढलेली जागा असते, तिथला काळ वेगळा, नियम वेगळे, हा त्यातला एक मुख्य विचार. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण भातुकली आपल्या ओळखीची आहे. भातुकलीत चूल पेटत नाही, म्हणून भात शिजत नाही. आणि भात शिजत नाही म्हणूनच बोटही भाजत नाही. आता समजा, एखाद्या भातुकलीत खेळून मुलीला खराखुरा स्वयंपाक येऊ लागला, तर? सिम्युलेटर म्हणजे हीच गोष्ट.

अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना. त्यातले भाते आणि हवेचे पंप घेऊन त्यानं १९२९ च्या सुमारास विमानाची एक लाकडी प्रतिकृती केली. आत बसून दांडा हलवला की ती डुलायची, कलायची. वैमानिकांना शिकवायला हे यंत्र उपयोगी पडेल, असं त्याचं म्हणणं होतं. पण सुरुवातीचे बरेचसे गिऱ्हाईक निघाले जत्रेतल्या करमणुकीच्या बागांचे मालक! मग १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपालाची वाहतूक आली. वाईट हवेत, केवळ उपकरणं पाहून उडायची सवय वैमानिकांना नव्हती आणि थोड्याच आठवड्यांत एकामागून एक माणसं मेली. तेव्हा लष्करानं लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. यंत्र तेच होतं. जत्रेत ते खेळणं होतं, लष्करात ते प्रशिक्षण झालं. मधे काय आलं? माणसांचे मृत्यू आले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारीच्या बाबतीत प्रवास उलट दिशेनं झाला, तो खेळापासून सरावाकडे गेला. १९८२ साली नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ हा खेळ आला. नाणं टाकून उभ्यानं किंवा बसून खेळायचा. त्यातला रस्ता जपानमधल्या फुजी सर्किटवर बेतलेला होता, पण गाडीला वजन असं नव्हतं. १९८४ मध्ये जेफ क्रॅमंड या इंग्रज माणसानं बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ‘रेव्ज’ लिहिला. त्यात सिल्व्हरस्टोनचा रस्ता होता आणि त्या रस्त्याचे चढउतारही होते. १९८९ मध्ये ‘हार्ड ड्रायव्हिन’ या यंत्रात क्लचचं पेडल आलं आणि स्टिअरिंग हाताला उलटा जोर लावू लागलं. म्हणजे खऱ्यासारखी गाडी करायची खटपट चालू होती. पण ती एकतर नाणी टाकायच्या महागड्या यंत्रात होती, नाहीतर संगणकाची आवड असलेल्या थोड्या लोकांपुरती. घरच्या टीव्हीवर, सगळ्यांसाठी, असं अजून काही नव्हतं.

ते काम काझुनोरी यामाउची यांनी केलं. जन्म १९६७ चा, मोटारींचं वेड लहानपणापासून. सोनीत त्यांनी आधी ‘मोटर टून ग्रांप्री’ हा कार्टूनसारख्या गाड्यांचा खेळ केला. ‘ग्रॅन टुरिस्मो’ला सुमारे पाच वर्षं लागली आणि तो २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण त्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती २ मेगाबाइट होती. आज मोबाइलमधला एक फोटो याहून मोठा असतो. तेवढ्याशा यंत्रावर १४० च्या आसपास गाड्या, प्रत्येकीचं वेगळं वजन, वेगळं इंजिन, वेगळा स्वभाव. या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

यातली खरी नवलाई आमच्या मते गाड्यांच्या संख्येत नाही. शर्यतीच्या बहुतेक खेळांत तोवर भारीतली भारी गाडी पहिल्या मिनिटाला हातात मिळे. इथे तुम्हाला १०,००० क्रेडिट देतात, म्हणजे खेळातले पैसे. तेवढ्यात येते ती सेकंडहँड गाडी. माझदा डेमिओसारख्या बाजारहाटाच्या गाडीलाही इथे जागा आहे. ती घ्या, छोट्या शर्यती जिंका, पैसे साठवा, टायर बदला, एक्झॉस्ट बदला. आणि मोठ्या शर्यतीत उतरायचं तर आधी लायसन्स काढा! बी, ए आणि इंटरनॅशनल ए अशा पायऱ्या. परीक्षा अगदी साध्या दिसतात : ठरलेल्या अंतरात वेग घ्या आणि आखलेल्या पट्ट्यात थांबा, एवढं एकच वळण अमुक सेकंदांत घ्या. ही शिकवणीची रचना आहे. करमणूक म्हणून विकत घेतलेल्या वस्तूत माणसं आपखुशीनं परीक्षा देत बसली.

या परीक्षांतून काय शिकवलं जातं, हे थोडं सविस्तर सांगतो. गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला टेकलेला असतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग. गाडीचं सगळं चालतं ते या चार तळहातांवर. टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. तो ब्रेक लावण्यावर खर्च केला तर वळायला उरत नाही. वळण्यावर सगळा उडवला तर ब्रेकला शिल्लक नाही. म्हणून जोराचा ब्रेक सरळ रस्त्यावर लावायचा, वळायला लागताना तो हलके हलके सोडायचा आणि वळणाच्या बाहेर पडताना वेग द्यायचा. दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरू शकतात. पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी वेगात वळत नाही, बाहेर पळते. मागच्या चाकांना ताकद असलेली गाडी जास्त वळते, गिरकी घेते. पुस्तकात हे एका पानात मावतं. पण बोटांना ते कळायला शेकडो फेऱ्या लागतात. १९९७ मध्येच जपानमध्ये कंपन देणारा, छोट्या दांड्यांचा ड्युअलशॉक कंट्रोलर आला. त्यामुळे ‘थोडंसं वळणं’ ही गोष्ट बोटांना करता येऊ लागली.

इतकं सगळं खरं. मग वगळलं काय? मोडतोड वगळली. पहिल्या चार खेळांत गाडी ताशी दोनशेच्या वेगानं भिंतीवर आदळली तरी तिला ओरखडा उठत नसे. दिसेल अशी मोडतोड आली ती २०१० च्या पाचव्या खेळात. आपली गाडी चेचलेली दिसावी, हे मोटार कंपन्यांना रुचत नसे, असं कारण नेहमी सांगितलं जातं. कारण काहीही असो, परिणाम पाहा. खेळाडू एक लबाडी शिकले : वळणावर ब्रेक लावायचाच नाही, शेजारच्या गाडीला टेकून वळायचं. पकडीचा हिशोब अचूक आणि टकरीचा हिशोबच नाही. भातुकलीची चूल पेटली होती, पण बोट भाजत नव्हतं.

२००८ साली निस्सान आणि सोनी यांच्या युरोपातल्या शाखांनी ‘जीटी ॲकॅडमी’ सुरू केली. घरी बसून सर्वांत वेगवान ठरणाऱ्यांना निवडायचं, प्रत्यक्ष गाडीत बसवून पारखायचं आणि जिंकणाऱ्याला खऱ्या शर्यतीत उतरवायचं. पहिल्या वर्षी लुकास ओर्दोन्येझ हा स्पॅनिश तरुण निवडला गेला. तेव्हा तो एमबीए करत होता. २०११ च्या ल मॉं इथल्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ एलएमपी-२ या वर्गात दुसरा आला. त्याच वर्षी ॲकॅडमी जिंकली ती यान मार्डनबरो या १९ वर्षांच्या ब्रिटिश मुलानं. २०१३ मध्ये ल मॉं इथे हे दोघं एकाच गाडीचे चालक होते आणि ती गाडी आपल्या वर्गात तिसरी आली. २०१४ साली या ॲकॅडमीत भारतातल्या खेळाडूंनाही प्रवेश मिळाला.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही गिल्बर्ट राइलचा एक भेद वर्षानुवर्षं शिकवला. ‘अमुक असं आहे’ हे जाणणं वेगळं आणि ‘अमुक कसं करायचं’ हे जाणणं वेगळं. पोहण्यावरचा ग्रंथ तोंडपाठ असलेला माणूस बुडू शकतो. आमच्या पिढीला वाटे की पडद्यावर मिळतं ते पहिल्या प्रकारचं ज्ञान. ‘जीटी ॲकॅडमी’नं दाखवून दिलं की दुसऱ्या प्रकारचं ज्ञानही पडद्यातून बाहेर येऊ शकतं. ब्रेक कुठे लावायचा, नजर कुठे ठेवायची, गाडी घसरण्याआधी कशी कुजबुजते, हे सारं घरी शिकता आलं. मानेवर येणारा भार, बंद गाडीतली उष्णता आणि भीती हे मात्र घरी मिळत नव्हतं. म्हणून या मुलांना शारीरिक प्रशिक्षण आणि छोट्या शर्यतींचा अनुभव द्यावा लागला, त्यानंतर मोठ्या शर्यतीचा परवाना. म्हणजे आपली म्हण पूर्ण खरी नाही आणि पूर्ण खोटीही नाही.

आता अवघड भाग. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा उत्तरेकडचा रस्ता १९२७ पासूनचा. लांबी सुमारे २०.८ किलोमीटर, जंगलातून जाणारा. ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या चौथ्या भागात, म्हणजे २००४ मध्ये, तो हुबेहूब आला आणि जगभरच्या मुलांना त्याचं वळणन्‌वळण पाठ झालं. २८ मार्च २०१५ रोजी त्या खऱ्या रस्त्यावरच्या शर्यतीत, ‘फ्लुगप्लाट्झ’ नावाच्या चढावर मार्डनबरोची निस्सान जीटी-आर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे प्रेक्षकांत पडली. एक प्रेक्षक मरण पावला, काही जखमी झाले.

याचं खापर खेळावर फोडता येणार नाही. तोवर मार्डनबरो तीन वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष शर्यती करत होता, आणि गाडी त्या उंचवट्यावर उचलली जाण्यात रस्त्याचाही भाग होता. नंतर तिथे काही टप्प्यांवर वेगमर्यादा लावली गेली, मग रस्त्यात सुधारणा झाल्या आणि २०१६ मध्ये ती मर्यादा उठवली गेली. पण या घटनेनं एक गोष्ट उघडी केली. त्या खेळातल्या कडेच्या गर्दीकडे पाहिलंय का कधी? ती रंगवलेली चित्रं असतात. आपण समजत होतो की पडद्यावर नसते ती आपल्या जिवाची भीती. त्याहून मोठी उणीव ही, की तिथे दुसऱ्याचा जीव नसतो. पाण्यात पडणं म्हणजे फक्त आपण गटांगळ्या खाणं नाही; त्या पाण्यात इतर माणसंही असतात.

२०२३ साली या मुलाच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, नील ब्लोमकॅम्प दिग्दर्शित. त्यात हा अपघात ल मॉंच्या शर्यतीच्या आधी दाखवला आहे, म्हणजे दुःख आधी आणि यश नंतर. प्रत्यक्षात ल मॉं २०१३ मध्ये, अपघात २०१५ मध्ये. एका अनोळखी माणसाचा मृत्यू नायकाच्या यशाची पायरी झाला. यावर टीका झाली, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी ती विसरू नये. कालक्रम बदलला की अर्थ बदलतो.

गंमत म्हणजे, हे ‘दुसऱ्या माणसाचं’ भान खेळाला आपल्या वाटेनं आणावं लागलं. २०१७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये इंटरनेटवरून माणसांनी माणसांशी भिडण्यावरच भर होता, आणि ती टेकून वळायची लबाडी आता दुसऱ्याची संध्याकाळ नासवू लागली. मग प्रत्येकाला दोन श्रेणी मिळाल्या : एक वेगाची, दुसरी सभ्यतेची. शर्यतीत उतरण्याआधी शिष्टाचाराच्या दोन चित्रफिती पाहायची सक्ती झाली. पुढे सोनीच्या संशोधकांनी ‘सोफी’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता घडवली; २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तिचा शोधनिबंध आला. उत्तम मानवी खेळाडूंना तिनं हरवलं. पण निव्वळ वेग पुरेसा नव्हता. टक्कर दिली की तिचे गुण कापायची तजवीज करावी लागली, कारण शर्यतीतला चांगुलपणा काटेकोर नियमांत बसत नाही. कुठे जागा द्यायची आणि कुठे अडून राहायचं, हे प्रसंग पाहून ठरतं. यंत्र शिकवायला बसल्यावर माणसांना कळलं की हा भाग आपल्याला स्वतःलाच नीट सांगता येत नाही.

तेव्हा घरात नातवंडं हा खेळ खेळत असतील, तर ‘हे खोटं आहे, वेळ वाया जातोय’ असं सरसकट म्हणू नये, असं आम्हाला वाटतं. बोटं जे शिकतात ते खरं असतं, याचे पुरावे ल मॉंच्या निकालात आहेत. त्यांच्या शेजारी बसून एक विचारावं : भिंतीला टेकून वळलास, ती भिंत कुणाच्या दाराची असती तर? हा प्रश्न खेळ विचारत नाही. तो विचारायला घरात कुणीतरी मोठं माणूस लागतं.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ या.