‘संशोधनात सिद्ध झालंय’ असा मेसेज आला, तर आधी हे चार प्रश्न विचारा

पालघर : ‘रोज अमुक खा, साखर उतरेल’, ‘दहा हजार पावलं चाललात तरच हृदय ठणठणीत’ असे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतात. खाली एक ओळ ठरलेली, ‘संशोधनात सिद्ध झालंय’. या एका ओळीवर बोईसर-तारापूर एमआयडीसीतला एखादा कामगार पगारातले पैसे पावडरच्या डब्यावर घालतो, तर गावाकडे कुणी बीपीची चालू गोळी बंद करतं. नुकसान दोघांचंही होतं. संशोधन खोटं नसतं, पण ते आपल्याला कितपत लागू पडतं हे तपासावं लागतं.

1. अभ्यास कोणावर झाला?

दहा हजार पावलांचा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असा होता. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या 16,741 वयस्कर महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं चालणाऱ्या महिलांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि साधारण 7,500 पावलांनंतर फायदा वाढायचा थांबला.

या महिलांचं सरासरी वय 72 होतं. विक्रमगड-मोखाड्यात भाताची लावणी करून, वर पाणी-लाकूड आणणाऱ्या बाईला पावलं मोजायची गरज नाही. तिला पुरेसं जेवण आणि विश्रांती हवी. कंपनीत आठ तास खुर्चीवर बसणाऱ्याला मात्र चालण्याचा सल्ला नक्की लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला असा : प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. सलग 10 मिनिटं चालण्याची जुनी अट आता नाही. स्टेशनपर्यंत चालत गेलात, सायकलने कामावर गेलात, तरी ते धरलं जातं.

2. नुसतं निरीक्षण की प्रत्यक्ष प्रयोग?

जास्त चालणारे जास्त जगले, हे निरीक्षण झालं. पण जो आधीच आजारी आहे तो कमीच चालतो. मग चालण्याने तब्येत सुधारली, की तब्येत चांगली म्हणून चालणं जमलं? हे नुसत्या निरीक्षणातून पक्कं कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून प्रयोग करावा लागतो.

नाचणीचंही तसंच. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळापेक्षा कितीतरी जास्त. भाकरी जरूर खावी. पण ‘नाचणीने गुडघेदुखी गेली’ हा वेगळा दावा आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो.

3. टक्के कशाचे?

झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेला एक प्रयोग ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. टीबी रुग्णांच्या घरातल्या 10,345 माणसांचे दोन गट केले होते. रेशन दोन्ही गटांतल्या रुग्णांना मिळालं, पण एका गटात घरातल्या इतरांनाही सहा महिने दिलं. मोठ्या माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. या गटात नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी आढळला.

39 टक्के म्हणजे शंभरातले 39 जण वाचले असं नाही. रेशन न मिळालेल्या घरांत 1,000 माणसांमागे सुमारे 26 जणांना टीबी झाला, रेशन मिळालेल्या घरांत सुमारे 17 जणांना. म्हणजे हजारात नऊ जण कमी. (39 हा आकडा गटांमधले इतर फरक जमेस धरून काढलेला आहे.) तांदूळ-डाळीने नऊ जणांचा टीबी टळतो, ही लहान गोष्ट नाही. आणि अपुऱ्या आहाराचा प्रश्न जुना असलेल्या आपल्या आदिवासी पाड्यांना हा अभ्यास परदेशातल्या अभ्यासांपेक्षा जवळचा आहे.

म्हणून टक्के दिसले की विचारा : हजारातले किती होते, किती झाले?

4. सांगणारा काही विकतोय का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असं सांगितलं आहे. निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. डाळ, वाल, अंडी, दूध, मासळी यातून ती मिळू शकतात. सुके बोंबील, जवळा यांतही प्रथिनं भरपूर, पण मीठही येतं. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत हवं. बीपी असलेल्यांनी मासळी नीट धुऊन, बेताने खावी. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा.

हे लक्षात ठेवा

– कुठलाही मेसेज वाचून चालू गोळी बंद करू नका. आधी मेसेज प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.
– एका अभ्यासावर रोजचं जेवण बदलू नका. तीच गोष्ट अनेक अभ्यासांत दिसली, तर वजन द्या.
– घरात टीबी रुग्ण असेल तर निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये मिळतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते). पैसे जमा होत नसतील तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. हे पैसे रुग्णाच्या खाण्यासाठीच आहेत.